गोदूबाईचा व्हिडिओ चढत का नव्हता

गोदूबाई करवतकाठी विणायची. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली ती टसरची साडी नागपूरच्या तांडापेठेत आता मोजक्याच घरांत निघते, आणि गोदूबाईच्या घरात नऊ वर्षं निघाली नव्हती. नवरा गेला, व्यापाऱ्यानं सूत देणं बंद केलं आणि बाई शाळेत खिचडी शिजवायला लागली. माग मात्र विकला नाही. पुढच्या खोलीची अर्धी जागा अडवून तो उभा आहे, पांढऱ्या धडप्याखाली, म्हणजे जुन्या धुवट कापडाखाली. "विक ना वं मावशी, पलंग तरी मावन," असं मी एकदा म्हणून गेलो. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

यंदा एका प्रशिक्षण केंद्राला करवतकाठी शिकवणारं माणूस पाहिजे होतं. शिक्षणाची अट नाही, हाताचं काम दाखवा म्हणाले. सहा मिनिटांचा विणतानाचा व्हिडिओ आणि चाळीस फोटो, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये. मी विचारलं, पेन ड्राइव्ह आणून देऊ? चालत नाही. सीडी? केंद्राच्या खिडकीमागचा माणूस हसला. त्याचं हसणं मी लक्षात ठेवलं आहे.

गोदूबाईनं शेजारून उरलेला ताणा आणून मागावर चढवला. नऊ वर्षांनी बसली, पण हात अडखळला नाही. व्हिडिओ झाला, फोटो झाले. राहिलं फक्त वर चढवणं, आणि ते माझं काम; मोर्चे-धरण्यांतून वेळ काढून वस्तीतली असली कामं मीच करतो.

लॅपटॉप बचत गटाचा. सगळ्यात स्वस्तातला, वजनाला पाटीएवढा आणि अकलेलाही. बाईच्या नावानं सही करून घेतलेला, त्यामुळे तिच्या घराबाहेर काढायचा नाही, हा गटाचा नियम. सोमवारी मी फाइली टाकल्या. निळे बाण गोल फिरायला लागले. "हे बाण जाऊन हिरवी खूण आली का समज काम झालं. दोन-तीन तास लागन. आणि मावशी, समोर चक्की आहे, पीठ उडते. धूळ बसली तर मशीन मेली. जप." एवढं बजावून मी संविधान चौकातल्या धरण्यावर गेलो.

संध्याकाळी आलो, तर नऊ टक्के.

मंगळवारी राउटर बदलला, माझ्या फोनचं नेट लावलं. अकरा टक्के. नेटवाल्याच्या मदत क्रमांकावर अर्धा तास गाणं ऐकलं. मग एक पोरगी म्हणते, "सर, एकदा बंद करून चालू केलं का?"

"बंद करणं मले नको शिकवू, बाई. अर्धं नागपूर बंद केलं आहे मी!"

तिनं फोन ठेवला. बुधवारी कळलं की लॅपटॉपच्या पोटातच जागा नाही. गटाच्या हळदीकुंकवाचे तीनशे फोटो गटाला विचारून उडवले. तारीखही चुकीची होती, ती नीट केली. खात्यातून बाहेर निघून पुन्हा लॉगिन केलं. मी समोर बसलो की गाडी चालायची, वीस, पंचवीस, एकतीस. मी गेलो की थांबायची. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. मशीनलाही माझ्यासारखंच डोक्यावर बसलेलं माणूस लागतं की काय?

गुरुवारी माझं डोकं फिरलं. "मावशी, खरं सांग. काय दाबून राहिली तू?"

"मी हात बी नाही लावला, गा."

"मग काहून अडकते? मी गेलो का भूत येते?"

ती उठून भांडी घासायला बसली. एकेक गंज-पातेलं असं आपटत होती की शेजारीण डोकावून गेली.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता पुन्हा मांडी घालून बसलो. एक वाजता अठ्ठावीस टक्के झाले आणि माझा फोन वाजला. रेंजसाठी दारात गेलो, बोलता बोलता मागं वळून पाहिलं. गोदूबाई स्वयंपाकघरातून आली. जाता जाता लॅपटॉपचं झाकण अलगद लावलं, त्यावर पांढरा धडपा पसरला, दोन्ही टोकं खाली मुडपली. मागावर पसरते तसंच, त्याच हातानं. तिकडं लक्षही नव्हतं तिचं.

"मावशीऽ!" मी ओरडलो. धडपा ओढला, झाकण उघडलं. पडदा काळा. लॅपटॉप गाढ झोपलेला.

"काय झालं गा?"

"तू हा रोज झाकते?"

"मंग? मागावरून उठलं का झाकाचं. सासू हातावर छडी मारे. उघडा ठेवला तर धूळ बसते, धागा तुटते."

"मग मी आलो का उघडा कसा दिसे?"

"तुह्या गाडीचा आवाज आला का उघडो. आल्या माणसाले झाकला माग दाखवत असते का कोणी?" मग थांबून म्हणाली, "आन् जपाले तूच सांगतलं."

मदत क्रमांकावरच्या पोरीचं, खिडकीवाल्याचं, राउटरचं, सगळ्यांचं उणंदुणं काढून झालं होतं. झाकण लावलं की हा डबडा झोपतो आणि नेट सोडतो, हे मीच सांगितलं नव्हतं.

बाण पुन्हा फिरायला लागले. आता कोणी उठायचं नाही, असं ठरलं. पण चक्की सुरू झाली आणि बाई अस्वस्थ. हात धडप्याकडे जायचा, मी बघायचो, हात मागं. शेवटी तिनं धडपा दाराला पडद्यासारखा अडकवला आणि त्याला पाठ लावून बसली. साठ. चौऱ्याहत्तर. मध्ये वीज गेली, नेट गेलं, माझ्या तोंडून शिवी गेली. वीज आली. एक्याण्णव. पाचला बारा मिनिटं असताना हिरवी खूण आली. मी केंद्रात फोन लावला. "मिळालं," एवढंच म्हणाले.

"आता झाकू का?"

"मीच झाकतो," मी म्हणालो. तिची माफी मागणं मला जमत नव्हतं. दारावरचा धडपा काढला आणि लॅपटॉपवर पसरला.

गोदूबाईनं तो झटक्यात ओढून घेतला. "असा नाही. ज्या बाजूले धूळ बसली ते बाजू आत नाही जाऊ द्याची. पाह्य इकडे."

धडपा बाहेर नेऊन झाडला, उलटला, पुन्हा माझ्या हातात दिला. "कर आता."

मी केलं.

"टोकं मुडप," ती म्हणाली.