सेगुंदोचा रविवार

सेगुंदो आयबार हा माणूस ओलेगारिओला तसा फारसा कळला नाही. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या अर्जेंटिनी तळावर अख्खा हिवाळा दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिले. अलीकडे ओलेगारिओची रेडिओची खोली, पलीकडे सेगुंदोचं स्वयंपाकघर. तरी सेगुंदोला भाऊ किती, बायको होती की नव्हती, हे ओलेगारिओला कधी विचारताच आलं नाही. एक मात्र पक्कं ठाऊक होतं. सेगुंदोला रविवार नव्हता.

बाकी सगळ्यांना होता. ते टेकडीवर जात, बर्फावर घसरत आणि वखवखून परत येत. मग त्या भुकेसाठी इतर दिवसांपेक्षा जास्तच रांधावं लागे. हा कुठला न्याय? तळावरून एकट्यानं बाहेर पडायला बंदी, त्यामुळे भांडी आवरून हात मोकळे झाले तरी सोबत मिळत नसे. जो तो दमलेला.

शेवटी उन्हाळ्यात तळाचा प्रमुख कप्तान उर्दिनेसनं कबूल केलं : येता रविवार सेगुंदोचा, लोक थंड मांस आणि पाव खातील.

"रेडिओवाल्या, पलीकडच्या खाडीवर येशील?" सेगुंदोनं विचारलं. "तिथले दगड तापतात म्हणे. मला नुसतं उताणं पडायचंय. 'झालं का रे?' असं कुणी विचारणार नाही अशा जागी."

शनिवारी जहाज आलं, पाहुणे उतरले आणि कप्तानानं शब्द फिरवला.

"उद्या उघड्यावर मांस भाजायचं," तो म्हणाला. "तोंड का पाडतोस, जाड्या? तुला बाहेरच जायचं होतं ना? मग बाहेरच तर असशील."

सगळे हसले. ओलेगारिओला ते हसू अजून टोचतं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. सेगुंदोनं अर्ध्या पिंपात निखारे केले, वाऱ्याला पाठ दिली, बरगड्या मांडल्या. पाहुणे काळे चष्मे लावून खुर्च्यांत बसले. मांस अजून अर्धं कच्चं होतं. तेवढ्यात कप्तान पाहुण्यांपुढे मिरवायला उठला आणि म्हणाला, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. सेगुंदोनं चिमटा खाली ठेवला आणि एप्रन सोडला.

"हे काय?" कप्तान म्हणाला.

"टाळ्या झाल्या, साहेब. म्हणजे माझं काम संपलं."

"अरे, पण मांस कच्चं आहे."

"तुमच्या घरी टाळ्या कधी वाजवतात?"

अर्जेंटिनात सगळ्यांच्या घरी भाजणाऱ्यासाठीच्या टाळ्या पानात वाढून झाल्यावरच वाजवतात. आणि दुसऱ्यानं पेटवलेल्या निखाऱ्यांना हात लावायचा नाही, हेही लहानपणापासून प्रत्येकाला ठाऊक. सगळे धुराकडे बघत बसले.

"चल रे," सेगुंदो ओलेगारिओला म्हणाला.

खाडीवर तो दगडांवर आडवा झाला आणि बोलता बोलता घोरायला लागला. चोरटे तपकिरी पक्षी त्याच्या टोपीवर टपले होते. ओलेगारिओ त्यांना हाकलत ऊन उतरेपर्यंत बसून राहिला.

त्याच जहाजानं कप्तानानं सेगुंदोला परत धाडलं. त्याची प्रकृती बरी नाही, असं सगळ्यांना सांगितलं. त्याच्या हातचं वर्षभर खाल्लेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. धक्क्यापर्यंत पोचवायला ओलेगारिओ एकटाच आला, उघड्या हातांनी; दुसरा आचारी येईपर्यंत स्वयंपाकघर आता त्याच्याकडे होतं.

"कांद्याची पोती भिंतीला टेकवू नकोस," होडीत पाय ठेवताना सेगुंदो म्हणाला. "गोठतात."

"नाही टेकवत."

"आणि हातमोजे घाल, येड्या."

"घालतो."