व हौसेने

माझ्या उजव्या दंडावर पूर्वी एक मोर होता. आता तिथे बोटभर लांबीची चकचकीत, जाड कातडी आहे. कुणी विचारलं तर भाजलं म्हणून सांगते. खरं म्हणजे तो मोर मी हेव्यापोटी काढून घेतला आणि हेव्यापोटीच कापून टाकला.

हेवा माझ्या मैत्रिणीचा. ती किन्हवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या ठाकरवाडीतली, आम्ही खालच्या गावातले कुणबी. पहिलीपासून एका बाकावर बसलो. आम्ही आठ वर्षांच्या असताना वाडीतल्या एका म्हातारीने तिला गोंदलं, कपाळावर उभी रेघ आणि हनुवटीवर तीन ठिपके. मी तिथेच होते. दोन बायकांनी तिचे पाय धरले होते, एकीने डोकं, आणि ती ओरडून ओरडून लाल झाली होती. वाडीत प्रत्येक पोरीचं हे व्हायचंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र घरी जाऊन भोकाड पसरलं, मलाही पाहिजे. आईने तीन वर्षं दाद दिली नाही. शेवटी म्हसा गावच्या जत्रेत गोंदणाच्या मशीनवाल्यासमोर बसवलं. सुई चालू असताना मी हसत होते, असं आई सांगते.

बारावीत आम्ही दोघींनी लष्कराच्या अकादमीची परीक्षा दिली. फॉर्म भरायचं खूळ माझं, ती माझ्या मागून आली. पळायला मात्र ती पुढे असायची. रोज डोंगर उतरून शाळेत आलेल्या मुलीशी पळण्यात कोण बरोबरी करणार? लेखी परीक्षेत पास झालो, मग परराज्यात जाऊन पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखत, तिथेही दोघी निवडलो गेलो. पेपरात फोटो येईल तेव्हा मी कुठल्या बाजूला उभं राहायचं, हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

मग मेडिकल झालं. लष्करी डॉक्टरबाईंनी माझा दंड बघून हे का काढलं असं विचारलं. मी ताठ मानेने म्हटलं, "शौक से, मॅडम." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोंदण कोपराखाली आतल्या बाजूला किंवा तळहातामागे असेल तर चालतं, दंडावर नाही. मला अनफिट लिहिलं, आणि मुदतीत काढून टाकून अपील करा म्हणून सांगितलं. तिचं तर तोंडावरच होतं. तिलाही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "हमारे में रहता है." त्यावर बाईंनी तिला वेगळा नियम सांगितला. आदिवासी जमातीत रूढीने गोंदलेलं असेल तर सूट मिळू शकते. जातीचा दाखला आणि ग्रामपंचायतीचं पत्र पाठवा, वरचे साहेब ठरवतील.

परतीच्या गाडीत मी तिच्याशी धड बोलले नाही. बाहीखाली झाकला जाणारा माझा मोर चालत नाही आणि तिचं कपाळ चालू शकतं, या एका गोष्टीने माझ्या अंगाची लाही लाही होत होती. तिला वाटलं मला ताप आलाय. तिने स्वतःची चादर माझ्या अंगावर घातली, त्याचाही मला राग आला.

आईचं म्हणणं, आपल्यातही गोंदतातच की, तुझ्या आजीच्या कपाळावर होतं, तूही तसंच पत्र आण. सरपंचकाकांकडे गेले तर ते हसायलाच लागले. जत्रेतला मोर कसली गो रूढी, म्हणाले. मग मी कल्याणच्या डॉक्टरकडून तो मोर कापून घेतला, टाके पडलेल्या दंडाला पट्टी बांधून अपील केलं आणि वाट बघत बसले.

ती माझ्याकडे आली ती या दिवसांत. पंचायतीतल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, तिला कोरं लेटरहेड दिलं होतं, मजकूर तुम्हीच लिहून आणा म्हणाले होते. शाळेपासून अर्ज, भाषणं, निरोपाची पत्रं सगळी मीच लिहायची. वाडीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज माझ्या अक्षरात आहेत. ती म्हणाली, माझं पत्र तूच लिही, तुझं लिहिणं साहेबी असतं.

मी लिहिलं. सदर मुलीच्या कपाळावर व हनुवटीवर गोंदण असून ते लहानपणी समाजाच्या रूढीप्रमाणे व हौसेने गोंदवून घेतलेले आहे.

"व हौसेने." हे दोन शब्द मी विचार करून लिहिले. त्यांना खोटं कुणी म्हटलं नसतं, गोंदण म्हणजे दागिना, आणि दागिना म्हटलं की हौस आलीच. पण मेडिकलच्या खोलीत कुठल्या शब्दाने माझा घात केला हे मला चांगलं ठाऊक होतं.  अक्षरही फार सुरेख आलं.

सरपंचकाकांनी न वाचता सही केली, भाऊसाहेबांनी शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी शहापूरला निघालो. तिला दाखला घ्यायचा होता आणि मग सगळं स्पीड पोस्टाने पाठवायचं होतं. तिने पिशवीतून पत्र काढलं आणि बोट ठेवत वाचलं. बोट एका जागी थांबलं.  शहापूरला उतरल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्ये हौसेने चुकून लिवलंस ना गो?"

मी म्हटलं, "हो, चुकून."

खाडाखोड केली तर पत्र बाद होणार होतं. तिने पिशवीतून दुसरं कोरं लेटरहेड काढलं. लिहिताना कागद खराब झाला तर असावा म्हणून ते तिने आधीच मागून घेतलं होतं. ती म्हणाली, तू परत जा, नवीन लिही, सहीशिक्का घेऊन ये, मी दाखल्याच्या रांगेत थांबते. पत्र त्याच दिवशी निघालं नाही तर मुदत टळणार होती.

किन्हवलीच्या गाडीतच मांडीवर वही ठेवून मी नवीन पत्र लिहिलं. शिक्का मिळाला, पण काका मुरबाडला भाच्याच्या साखरपुड्याला गेले होते. मी सरळगावपर्यंत गेले आणि मुरबाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत तिठ्यावर उभी राहिले. तिथे मी एक जीप सोडली. जागा होती, ड्रायव्हर हाका मारत होता, तरी मी हात केला नाही. काका भेटले नाहीत एवढंच सांगायचं होतं. कुणाला कळणार होतं? माझा मोर गेलाच होता, अपीलाचं काय होणार देव जाणे, मग तिचं तरी का व्हावं, असं मला स्पष्ट वाटत होतं. ते वाटणं मला वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या जीपचा ड्रायव्हर आमच्या गावचा निघाला. त्याने पुढची सीट रिकामी केली, मुरबाडला ना, म्हणाला, आणि नाही म्हणायला मला कारण सुचेना. माझ्यातला चांगुलपणा जागा झाला असं लिहायला मला आवडलं असतं.

साखरपुड्यात काकांच्या डोक्याला फेटा होता आणि हातात पेढा. त्यांनी आहेराच्या खोक्यावर कागद ठेवून सही केली, परत न वाचताच, आणि मला पंगतीला बसवलं. मी जेवलेसुद्धा. शहापूरला पोचायला दुपार उलटून गेली. ती तहसील कचेरीच्या पायरीवर दाखला घेऊन बसली होती. सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. तिने नवीन पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, चल, पोस्ट बंद व्हायच्या आत जाऊ.

त्यानंतर दोन महिने वाट बघण्यात गेले. वाडीत रेंज नसल्यामुळे ती रोज संध्याकाळी आमच्या अंगणात यायची आणि आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर यादी आली का ते बघायचो. आधी माझी फेरतपासणी झाली आणि अपीलाचं उत्तर आलं. मोर गेला होता, पण जखम जाड होऊन भरली होती. अनफिट कायम. ती माझ्या शेजारी बसून रडली. मला वाटलं, तिला रडायला परवडतं, तिचं अजून कुठे काही बिघडलं होतं? आठवड्याने तिची सूट मंजूर झाल्याचं कळलं आणि पुढे यादीत तिचा नंबर आला. आईने तिच्या तोंडात साखर घातली. मी तिला मिठी मारली आणि ती सोडायची कधी याचाच विचार करत राहिले.

निघायच्या दिवशी वाडीतली माणसं शहापूरच्या एसटी स्टँडवर आली होती. तिची पेटी घेऊन मी तिच्याबरोबर गाडीत चढले. पेटी सीटखाली सरकवत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू ते चुकून नव्हतं लिवलंस."

मी वर बघितलं नाही. विचारलं, मग परत मलाच का पाठवलंस, तुझा भाऊ होता, वडील होते.

ती म्हणाली, "दुसऱ्या कुनाला धाडलं असतं तर तू माझ्या वाडीत परत पाय ठेवला नसतास."

हे तिने पत्राच्या दिवशी, माझ्या उत्तरानंतर, स्टँडवर उभ्या उभ्या ठरवलं होतं. स्वतःची सगळी मुदत माझ्या हातात देऊन ती दिवसभर उपाशी रांगेत थांबली होती. आणि मी तिकडे जीप सोडत होते. अकादमीचा हेवा होताच. त्या क्षणी मला तिच्या या वागण्याचाही हेवा वाटला, आणि याला काही अपील नव्हतं.

कंडक्टरने घंटी मारली. मी खाली उतरले.