ओल्या भाताची कणगी

भात कणगीत भरण्याआधी दाणा चावून बघायचा, ही आमच्या घरातली एकमेव परीक्षा होती आणि तिला अभ्यास लागत नसे. खळ्यावरच्या राशीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले चार दाणे काढायचे आणि दाढेखाली धरायचे. 'कट्ट' वाजलं तर भात वाळलं. दाणा नुसताच चेपला तर आणखी दोन ऊनं द्यायची. मॅट्रिकला मी दोनदा नापास झालो होतो, पण या परीक्षेत नापास होण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मी दाणा चावलाच नाही. चावला असं सांगितलं. माझा गुन्हा एवढाच. शिक्षा माझ्या वहिनीनं भोगली, आणि ती पंचेचाळीस वर्षं चालली.

आमचं घर ताम्हिणीच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाला. पावसाळ्यात तिथं माणूस आणि चूल दोघंही चार महिने नुसते धुमसत असत. त्यामुळं जगायचं काय ते हिवाळ्यात. भात झोडून व्हायचं, पेंढ्याची गंज रचली जायची, पावट्याला राख चोळून मडकी भरायची, मोठाल्या काकड्या आणि भोपळे पेंढ्याच्या दोरीनं माळ्याला टांगायचे, म्हणजे चुलीच्या धुरात ते टिकत. दोन म्हशी, पाच शेळ्या, डालग्याखालच्या कोंबड्या आणि बैलांची एक जोडी. आबा, म्हणजे माझे वडील, ओटीवर बसून हे सगळं आपणच केलं अशा थाटात बघत. मी त्यांचा धाकटा मुलगा, तेव्हा बावीस वर्षांचा, आणि मीही तेच करत असे. फक्त मला ओटीवर बसायची परवानगी नव्हती म्हणून उभ्यानं.

थोरला भाऊ मुंबईला डबे पोचवायच्या कामाला होता. वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. त्याची बायको, माझी वहिनी, नेऱ्याची. तिला येऊन तीन वर्षं झाली होती आणि कडेवर वर्षाची मुलगी होती. आमच्या आईच्या मते नेऱ्याकडच्या माणसांना पाऊस माहीत नाही, म्हणून भात माहीत नाही, म्हणून काहीच माहीत नाही. वहिनीला पहाटे म्हशीखाली बसता येतं, शेळीचं अडलेलं करडू हातानं सोडवता येतं, हे आईला दिसत होतं. पण दिसणं आणि कबूल करणं ही आमच्या घरात दोन वेगळी कामं होती.

त्या हिवाळ्यात बहिणीच्या मुलाचं बारसं निघालं आणि आई-आबा चार दिवसांसाठी तिकडं गेले. भात झोडून झालं होतं. चार दिवस ऊन द्यायचं, दर संध्याकाळी दव पडायच्या आत रास करून झाकायची, हे काम माझ्यावर सोपवलं. एक दिवस मी ते केलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला सांगितलं की बैलांना पत्र्या मारायला खाली नेतो, खूर झिजलेत. खूर चांगले होते. मारुंजीच्या बाजूला एका जत्रेत बैलगाड्यांची शर्यत होती, आणि आपले बैल जगात कुणाला ऐकणार नाहीत अशी माझी खात्री होती. ती खरी ठरली. ते मलाही ऐकले नाहीत. निम्म्या वाटेत दोघांनी एकमतानं धाव सोडली आणि शेजारच्या हरभऱ्यात शिरले. सगळी जत्रा हसली. हरभऱ्याचा मालक तेवढा हसला नाही. त्याच्या गुरांचं दिवसभर शेण काढून दिलं तेव्हा माझे बैल सुटले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. वहिनीनं दोन म्हशी, पाच शेळ्या आणि एक मूल सांभाळून जमेल तेवढं भात एकटीनं पसरलं होतं आणि गोळा केलं होतं. ढीग एका बाईला आवरणारा नव्हता. तिनं मला खळ्यावर नेलं आणि म्हणाली, "भावजी, वरचं वाळलंय. मधी हात घालून बगा, ऊब लागतिया. अजून दोन ऊनं द्या."

हात घातला असता तर मलाही ऊब लागली असती. मी म्हणालो, "वैनी, तुमच्या नेऱ्याला भात कमी पिकतं आन् बोलणं लई."

 तिनं बैलांच्या खुरांकडं बघितलं. जुन्याच पत्र्या होत्या. मग ती म्हशींकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई-आबा आले. कणगी भरायला दिवस चांगला होता, पुढं आठवडाभर नव्हता. पंचांगाला भाताच्या ओलीची माहिती नसते. आबांनी विचारलं, "चावून बगितलंस?" मी म्हणालो, "बगितलं, आबा. कट्ट वाजतंय." आबांनी स्वतः चावून बघितलं नाही, कारण त्यांना दाढा उरल्या नव्हत्या आणि हे घरात कुणी बोलायचं नाही असा नियम होता. भात कणगीत गेलं. थराथराला निरगुडीचा पाला घातला, वर पेंढा, आणि त्यावर वहिनीनं शेणमातीचा जाड लेप देऊन तोंड बंद केलं. आईनं हळदकुंकू वाहिलं. कणगीवर शेवटचा हात वहिनीचा होता. एवढं पुरलं.

शिमग्याच्या तोंडावर कणगी फोडली. आधी वास आला. मग आबांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. आतलं भात तापून, बुरसून, हिरव्याकाळ्या ढेपा होऊन बसलं होतं. आई खाली बसून रडू लागली. आया-बाया जमल्या. रडायला जमल्या तशा विचारायलाही लागल्या, की लेप कुणी दिला होता, आणि त्या दिवशी ती 'बाहेरची' तर नव्हती ना. महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईनं धान्याला हात लावायचा नाही, लावला तर धान्य नासतं, हे आमच्याकडं सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं.

वहिनी म्हणाली, "आत्याबाई, मी बाहेरची नव्हते. भात ओलं हुतं. भावजींना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पहिलं खोटं मी आबांच्या भीतीनं बोललो होतो, त्याला निदान घाईचं निमित्त होतं. या वेळी मला पुरेसा वेळ मिळाला. वहिनी समोर उभी होती, मूल तिच्या पदराला लटकलेलं होतं. मी म्हणालो, "मी चावून बगितलं हुतं."

मग भगताला बोलावलं. त्यानं सुपात ते बुरसलेलं भात घेऊन डोळे मिटले, अंगात आणलं आणि देवाचा कौल सांगितला: बाईमाणसाचा हात. त्याच्या देवाचं एक वैशिष्ट्य होतं, दोष कायम परगावच्या बाईचाच निघायचा. भगताला कोंबडं द्यावं लागलं. ते वहिनीनंच शिजवलं, कारण घरात दुसरं कुणाला तसं जमत नव्हतं. ज्या हातानं कणगी नासली त्याच हातचा रस्सा भगतानं दोनदा मागून घेतला.

भाऊ शिमग्याला आला. त्याला वहिनीनं सगळं सांगितलं असणार. रोज चाळीस घरांचे डबे न चुकता पोचवणाऱ्या माझ्या भावाला बायकोची एक गोष्ट आईपर्यंत पोचवता आली नाही. सण उरकून तो परत गेला. तो पावसाळा आम्ही नाचणीवर काढला, आणि वहिनीच्या वडिलांनी नेऱ्याहून दोन पोती तांदूळ पाठवले ते बिनतक्रार खाल्ले. विटाळ पोत्याला लागत नसावा.

आईनं निकाल दिला: वहिनीनं कणगीला, बियाण्याला, पावट्याच्या मडक्यांना आणि लोणच्याला हात लावायचा नाही. बाहेरची असो नसो, कधीच नाही. म्हशी आणि शेळ्या तिच्याकडं. म्हणजे दूध तिच्या हातचं, दही तिच्या हातचं, तूप तिच्या हातचं, आणि ते सगळं शुद्ध. कारण सोपं होतं. थंडीत पहाटे गोठ्यात जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शुद्ध-अशुद्ध ठरवताना आमच्या घरानं आपली झोप कधी मोडू दिली नाही.

दर हिवाळ्यात कणगी सारवायचा दिवस आला की वहिनी आपणहून शेळ्या घेऊन डोंगराकडं जायची. वाडीतल्या बायकांनी तिला कुरडया-पापडांना बोलवायचं सोडलं. कुणाचं लोणचं बिघडलं तर "त्याला काय तिचा हात लागला का?" असं हसत विचारायची पद्धत पडली. मी त्या हसण्यात सामील होतो. मोठ्यानं नाही, पण होतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिच्या त्या मुलीचं लग्न ठरलं. तेव्हा लवकर लावत लग्नं आमच्याकडं. लग्नाच्या तांदळात वहिनीचा हात नको, असं आई म्हणाली. अक्षता निवडायला सगळ्या वाडीच्या बायका ओटीवर बसल्या होत्या. मीही सूप घेऊन बसलो होतो, कारण मी पुरुष असलो तरी माझा हात चांगला होता. आणि नवरीची आई गोठ्यात म्हशीला पेंड चारत उभी होती. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी तांदळातले खडे काढत राहिलो.

आई गेली, आबा गेले, भाऊ गेला. आता त्या घरात वहिनी, तिच्या पुढं झालेल्या मुलाचा मुलगा आणि नातसून आहेत; मी वाडीतच वेगळा राहतो. तांदूळ पत्र्याच्या पिंपात असतो, त्यात दुकानातल्या गोळ्या टाकतात, आणि पिंपाला कुणीही हात लावतं. वहिनी तेवढी लावत नाही. सवय.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडं गेलो. ती दारात शेळीला पाला घालत होती. मी सगळं सांगितलं, शर्यतीपासून. वहिनी, तुम्ही निर्दोष होता, असं म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला दिसावं अशी माझी इच्छा होती.

ती म्हणाली, "ते मला कशाला सांगताय? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

मग घरात जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. नातू म्हणाला, जाऊ द्या आजोबा, जुन्या गोष्टी. नातसून हसली. माझी पुतणी, जिच्या लग्नाच्या अक्षता मी निवडल्या होत्या, माहेरी आलेली होती आणि वाढत होती.  ती माझ्या ताटापाशी आली आणि न वाढताच भाताचं पातेलं घेऊन पुढं गेली.

वाडीतल्या ज्यांना सांगायला हवं होतं त्यातले निम्मे आता नाहीत, उरलेल्यांना ऐकू येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वहिनीला वाचून दाखवायला गेलो. तिला वाचता येत नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं: 'माझी वहिनी त्या दिवशी बाहेरची नव्हती, ती पूर्ण शुद्ध होती, याची मी साक्ष देतो.'

"थांबा," ती म्हणाली. "तुमी कसली साक्ष देताय? तुमाला काय ठावं?"

मी म्हणालो, तुम्हीच तेव्हा सांगितलं होतं.

"व्हय, सांगितलं. भ्याले हुते म्हून सांगितलं. आन् असते बाहेरची, तर? मंग भात माज्यामुळं नासलं असतं व्हय?"

 या प्रश्नाकडं मी पंचेचाळीस वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या अपराधाचा एवढा मोठा हिशेब मांडला, आणि त्यातही आईचा नियम तसाच शाबूत ठेवला होता.

"ते खोडा," वहिनी म्हणाली.

मी तिच्यासमोर खोडलं. तिनं कागद हातात घेतला, वाचता येत नसलं तरी खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवून बघितलं, आणि मला म्हणाली, आता पहिल्यापासून परत वाचा.