मैमूनाबीच्या पसंतीचं कुक्कुटशास्त्र

निजामाच्या अमलात, फसली सन तेराशे शेहेचाळीसच्या सुमारास आमच्या जाफराबादेत विद्वानांचा सुकाळ झाला होता. तहसिलीतून निवृत्त झालेला, शाळेत नोकरीला असलेला किंवा सासऱ्याच्या जमिनीवर बसून खाणारा, असा जो कोणी लिहिता-वाचता माणूस होता, त्यानं परसात सहा कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्या सहा कोंबड्यांवर साठ पानांची वही लिहिली होती. कोंबड्या मरत होत्या आणि वह्या वाढत होत्या. मीही त्यातलाच. सरकारी शाळेत पोरांना उर्दूतून हिशेब शिकवायचो आणि घरी येऊन मराठीतून कोंबड्यांवर लिहायचो. माझ्या वहीत कोंबडीला दर गुरुवारी कोमट पाण्यानं आंघोळ घालावी, असं एक कलम होतं. गुरुवारच का, ते मलाही ठाऊक नव्हतं, पण लिहिताना फार शास्त्रीय वाटलं होतं.

या सगळ्या वह्या फिरून फिरून एकाच दारात जायच्या. ते दार मैमूनाबीचं.

मैमूनाबी लग्न होऊन धावड्याहून जाफराबादेत आली, तेव्हा टोपलीत एक तांबडी कोंबडी घेऊन आली होती. नवरा तहसिलीत शिपाई होता, तो लवकर गेला. कोंबड्या राहिल्या. ती कोंबडी वाट्यानं द्यायची. म्हणजे गावातल्या बाईनं तिच्याकडून एक कोंबडी न्यायची, पिल्लं निघाली की अर्धी परत आणून द्यायची. असं करता करता आठ गावांतल्या खुराड्यांत तिच्याच तांबडीचा वंश पसरला होता. 'मैमूनाबीनं सांगितलंय' म्हटलं की त्या आठ गावांत कोणी बाई पुढे प्रश्न विचारत नसे. तिच्याजवळ जमीन नव्हती, मूलबाळ नव्हतं, घर दोन खणांचं. होता तो एवढा शब्द. तो खोटा पडू नये म्हणून ती फार जपायची.

लिहिता-वाचता मात्र बिलकुल येत नव्हतं. त्यामुळे वही वाचून दाखवावी लागे. एका वहीला एक शेर कण्या, हा तिचा दर. कण्या कोंबड्यांना, आणि लेखकाला फुकटची अक्कल. ती सुपात ज्वारी घेऊन निवडत बसायची, आम्ही वाचायचो. तिचा सुपावरचा हात चालू असला तर ठीक. थांबला, की समजायचं, वाक्य गेलं.

माझ्या आंघोळीच्या कलमावर तो हात असा काही थांबला की मला घाम फुटला.

"आंगुळ?" ती म्हणाली. "मास्तर, कोंबडी राखंत लोळती, तीच तिची आंगुळ. तुमी पाणी वतून राह्यले, ती मरून राह्यली. तुमच्या सहाच्या तीन कामून ऱ्हायल्या, ते आता समजलं."

मी कलम खोडलं. पुढची चार पानंही खोडली, कारण ती साबणाविषयी होती.

काकासाहेब मात्र खोडणाऱ्यांतले नव्हते. ते निवृत्त पेशकार. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात गेली, त्यामुळे आपल्या कागदावर कोणी शेरा मारू शकतं ही कल्पनाच त्यांना नवी होती. त्यांच्या ग्रंथात खुराड्याचं एक भव्य प्रकरण होतं. पत्र्याचं छत, दोन खिडक्या, माणसाच्या खांद्याइतका उंच दांडा आणि कमानीचं दार. नुसतं लिहून ते थांबले नव्हते, परसात तसं बांधलंही होतं. मैमूनाबीनं वाचन मध्येच थांबवलं आणि आम्हाला त्या परसात घेऊन गेली. वैशाखातली दुपार होती.

"आत बसा घडीभर," ती काकासाहेबांना म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? कोंबड्या त बाहेरच बसल्या हायेत."

खरंच, सगळ्या कोंबड्या बाभळीखाली चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. पेशकारसाहेबांनी पगडी काढून माझ्या हातात दिली, कमानीतून डोकं आत घातलं, आणि तापल्या पत्र्याला टाळू टेकताच इतक्या वेगानं बाहेर आले, की तेवढ्या वेगानं त्यांनी नोकरीत एकही कागद पुढे सरकवला नसेल.

"पत्रा काढा, गवताचं छप्पर घाला," ती म्हणाली. "दांडा गुडघ्याइतका ठिवा, जड कोंबडी वरून उडी टाकती अन् पाय मोडून घेती. अन् दार येवढं मोठं कशाला? मांजराला वाकायला लागू नये म्हून?"

काकासाहेबांनी हे सगळं ग्रंथात घेतलं. 'आमच्या दीर्घ निरीक्षणाअंती' असं लिहून घेतलं. मैमूनाबीला त्याचं काही नव्हतं. बरोबर लिहिलंय ना, मग कोणाच्या नावावर का असेना, असं ती म्हणायची.

खरं अडलं ते शेवटच्या प्रकरणात. काकासाहेबांनी हैदराबादेहून पांढरे विलायती कोंबडे मागवायचं ठरवलं होतं. पुस्तक घेणाऱ्याला एक कोंबडा, अशी योजना. पण आठ गावांत पुस्तक घेणार कोण? बाया सांगतील तेव्हा घरातले पुरुष घेणार, आणि मैमूनाबी सांगेल तेव्हा बाया सांगणार. म्हणून पहिल्या पानावर 'मैमूनाबी यांच्या पसंतीचे' असं छापायचं होतं. तिनं एकच अट घातली.

"एक गोष्ट लिवा, मंगच माझं नाव. नवा कोंबडा घरी आला, की त्याच दिवशी खुडूक कोंबडीखाली अंडी मांडा. पिल्लं फुटेस्तोवर नवा कोंबडा येगळा ठिवा, गावाच्या दुसऱ्या कडंला. पिल्लं फुटली, मंग त्याला मिसळू द्या."

काकासाहेबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र पोट धरून हसले. "मास्तर, इकडे अंडी फुटायची आणि तिकडे कोंबडा सुटायचा, संबंध काय? हा बायकांचा तोटका. शास्त्रीय ग्रंथात असलं घातलं तर हैदराबादेत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. शिवाय एवढे दिवस वेगळा सांभाळायचा म्हटल्यावर कोंबडा नेणार कोण?"

मीही हसलो. हिशेबाचा मास्तर होतो ना मी! अंडी मांडल्यापासून पिल्लं फुटेपर्यंत एकवीस दिवस लागतात. एकवीस दिवसांत नव्या पाखराच्या अंगात रोग असला तर तो दिसतो. ते दिवस मोजायला माझ्या भिंतीवर पंचांग होतं आणि मैमूनाबीकडे खुडूक कोंबडी होती. तोटका कसला, ती मोजणी होती. एवढं साधं त्रैराशिक तेव्हा मला सुटलं नाही.

पुस्तक जालन्याला मस्तगडातल्या एका छापखान्यात गेलं. छापण्याआधीची पानं घेऊन काकासाहेब माझ्याकडे आले. तिचं वाक्य त्यात नव्हतं. मुखपृष्ठावर मात्र 'तपासणार: रामकिसन मास्तर' असं ठळक अक्षरांत होतं. माझं नाव छापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगतो, त्या पानावरून माझी नजर हलेना. रात्री जेवताना मी ते पान बायकोलाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी पानं घेऊन मैमूनाबीकडे गेलो. तिनं सूप बाजूला ठेवून विचारलं, "ते लिवलं का, मास्तर? खुडुकीचं?"

"लिवलंय," मी म्हणालो.

"बराबर?"

"बिलकुल बराबर."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली. तिचा हात एकदाही थांबला नाही.

पुस्तकं खपली, पांढरे कोंबडे गाड्यांतून गावोगाव गेले. आठ-दहा दिवस सगळीकडे कौतुक चाललं होतं. मग धावड्यात मर सुरू झाली. कोंबड्या माना वाकड्या करून गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. तिथून शेजारच्या गावात, तिथून पुढच्या. काकासाहेबांना अचानक हैदराबादेच्या लेकीची फार आठवण आली आणि ते तिकडे निघून गेले.

एका सकाळी मैमूनाबीनं मला बोलावणं पाठवलं. तिच्या दारात धावड्याची चतुराबाई उभी होती, पायाशी डालगं. डालग्यात अकरा मेलेल्या कोंबड्या, सगळ्या तांबड्या. ही चतुराबाई मैमूनाबीच्या वाट्यातली सगळ्यात जुनी.

"तुमचं नाव व्हतं म्हून आमी कोंबडा घेतला, मैमूनाबी," चतुराबाई रडत म्हणाली. "त्याच दिवशी खुराड्यात सोडला. आता येक बी न्हाई ऱ्हायली."

"त्याच दिवशी? म्या त लिवाया लावलं व्हतं, येगळा ठिवा म्हून. तुझ्या मालकानं वाचलं न्हाई का? मास्तर, वाचून दावा हिला."

चतुराबाईनं पदरातून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. शेवटचं प्रकरण मी उघडलं. काय वाचणार? मनातून एखादं वाक्य रचून म्हणावं, असंही क्षणभर डोक्यात आलं. सवय लवकर लागते. पण ते अकरा जीव समोर पडले होते. मी पुस्तक मिटलं.

"न्हाई लिवलेलं," मी शेवटी म्हणालो. "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चतुराबाईला म्हणाली, "चूक माझी झाली. खड्डा करून पुरून टाक ह्यांना. खुराडं खरवडून चुना लाव, अन् दोन बसण्या, म्हंजी दोनदा पिल्लं फुटेस्तोवर, रिकामं ठिव."

"मोजू कशी?" चतुराबाई म्हणाली. "बसायला कोंबडी कुठं ऱ्हायली?"

मैमूनाबीनं आपल्या खुराड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याकडं खुडूक हाये. मी मोजते. सांगावा धाडीन."

तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. पोरं सुटली होती. जमिनीवर बसली, पाटी मागितली आणि म्हणाली, "पिल्लं फुटेस्तोवर नवा कोंबडा येगळा ठिवा. येवढंच लिवायला शिकवा. दुसरं कायबी नको."

वय साठीच्या पुढे. पेन्सिल ती मुठीत धरायची, निखारा धरावा तशी. 'ठ' तिला जुमानेना. मी माफी मागायला तोंड उघडलं की ती म्हणायची, "आता 'ब' दावा." सव्वा महिना लागला. हे शिकवणं मी माझ्या नोकरीतलं सर्वात मोठं काम समजतो, आणि त्याबद्दल तिनं मला एकदाही शाबासकी दिली नाही.

मग ती निघाली. काखेत दौत, हातात बोरू. ज्या ज्या घरात ते पुस्तक होतं, त्या त्या घरी पायी गेली. शेवटच्या पानावरच्या कोऱ्या जागेत ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहायची. एका घराला अर्धा तास लागायचा. एकदा मी भीत भीत म्हणालो, "मैमूनाबी, मी लिहून देतो सगळ्यांत, जल्दी होईल."

"तुमच्या हातचं नको," ती म्हणाली.

सगळ्यात शेवटी ती माझ्या घरी आली. म्हणाली, "तुमचं पुस्तक काढा." मी काढून दिलं. ती ओट्यावर बसली, वाकून लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. अक्षरं वेडीवाकडी होती, पण एक काना चुकला नव्हता. माझ्यातल्या मास्तराला राहवेना.

"बराबर लिहिलंय," मी म्हणालो.

"तुमी नका सांगू, मास्तर."

तिनं पुस्तक जवळ ओढलं. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचून पाहिलं.