शनिवार पेठ ते खडकी: माझी बदली कोण?

यंदा स्पितीला जायचं जवळजवळ ठरलं होतं. पैसे भरायच्या आधी टूर कंपनीतल्या मुलीने फोनवर विचारलं, "मॅडम, ट्विन शेअरिंग की सिंगल?" मी म्हटलं, सिंगल. "मग एक्स्ट्रा लागतील हं. नाहीतर आम्ही तुम्हाला पार्टनर शोधून देऊ." साठीच्या बाईला पार्टनर शोधून द्यायची सोय आता टूर कंपन्यांनी केली आहे, हे आपलं वाचकांच्या माहितीसाठी. मी फोन ठेवून दिला.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, हा ब्लॉग दोघांचा होता. माझा नवरा, मोहन, गाडी चालवायचा, वाट चुकायचा, ढाब्यावर हुज्जत घालायचा, मी लिहायचे. तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून इथे नवी पोस्ट नाही. "काकू, पुढची ट्रिप कुठे?" असं तुम्ही विचारत राहिलात आणि मी उत्तर दिलं नाही, कारण एकटीने हॉटेलात जेवायला मला नको वाटतं. वेटर समोरची दुसरी ताटली उचलून नेतो ना, ते बघवत नाही.

वैशाली नावाची एक वाचक मात्र पिच्छाच सोडेना. ती खडकीत एका सामाजिक संस्थेत काम करते. "काकू, लेह-लडाख झालं, आता एकदा खडकीला या," असं तिने तीनदा लिहिलं. खडकी आमच्या शनिवार पेठेपासून अशी कितीशी लांब! पण पेठेतल्या माणसाला नदीपलीकडचं सगळंच परगाव. म्हटलं, चला, हेही प्रवासवर्णनच. शनिवारी सकाळी पाण्याची बाटली भरली आणि निघाले.

खडकी

शनिवारवाड्यावरून चालत कसबा पेठेचं मेट्रो स्टेशन गाठावं. सरकते जिने खाली, आणखी खाली नेतात. शिवाजीनगरनंतर गाडी जमिनीतून वर येते आणि अचानक ऊन लागतं, तेव्हा खिडकीशी असाल तर बरं. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी सवयीने त्यावर पिशवी ठेवली, मोहनसाठी जागा धरायचे तशी, आणि मग उचलून मांडीवर घेतली.

खडकी स्टेशनात उतरलं की बाजारापर्यंत शेअर रिक्षा मिळते. कँटोन्मेंटचा भाग आहे, त्यामुळे झाडं जुनी, रस्ते रुंद, आणि भिंतीभिंतीवर फोटो काढू नका अशा पाट्या. त्या गंभीरपणे घ्याव्यात. बाजारात चहा आणि बन-मस्का उत्तम. मी तो उभ्याने खाल्ला, म्हणजे ताटलीचा प्रश्न आला नाही.

संस्थेचं नाव मी देत नाही. त्यांनीच नको म्हटलं. एका बुद्धविहाराच्या मागे तळमजल्यावर तीन खोल्या. एकीत पाळणाघर, एकीत कॉम्प्युटर, तिसरीत सतरंजी आणि भिंतीला टेकवलेल्या चार खुर्च्या. वैशाली तिशीची, बोलायला चुरचुरीत. तिने चहाबरोबर सगळी व्यवस्था समजावून सांगितली.

"काकू, नोकरी लावून देणं सोपं आहे हो. खराडीच्या कंपन्यांना माणसं हवीच असतात. टिकवणं अवघड. पोराला ताप आला, सासऱ्यांचा गुडघा धरला, की बाई घरी बसते. काम जमत नाही म्हणून कोणी सोडलेलं मी पाहिलं नाहीये."

म्हणून ही संस्था दोन गोष्टी केल्याशिवाय कुणाला कामावर पाठवत नाही. पहिली, 'रस्ता करून बघणं': रुजू होण्याआधी एकदा कामाच्या वेळेला जाऊन यायचं. दुसरी, बैठक. घरचे सगळे सतरंजीवर बसतात आणि घरातलं कुठलं काम कोण उचलणार ते प्रत्येक जण तोंडाने सांगतो. शिवाय आपली 'बदली' सांगतो. हा शब्द इथल्या दारूगोळा कारखान्यातला. पाळी संपली तरी बदली येऊन उभी राहिल्याशिवाय कामगार मशीन सोडत नाही. तसंच आपण आलो नाही तर आपल्या जागी कोण, त्याचं नाव द्यायचं.

"आज सुजाता रस्ता करून बघायला निघालीय," वैशाली म्हणाली. "तुम्हाला फिरायचंच आहे ना? जा तिच्याबरोबर. संध्याकाळी तिचीच बैठक आहे."

खराडी

सुजाता सत्तावीस-अठ्ठावीसची. बी. कॉम. झालेली, लग्नानंतर घरीच. खराडीतल्या एका कंपनीत रिसेप्शनवर काम मिळालं होतं, सोमवारपासून. तिची चार वर्षांची यशोधरा, म्हणजे यशू, पाळणाघराच्या जाळीतून आमच्याकडे बघत होती. रडली नाही. सुजाताच वळून वळून बघत होती.

रस्ता असा: खडकीहून मेट्रो, डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलायची, तिथून रामवाडी, मग बस. मेट्रो कार्ड काढून ठेवलंत तर रांग वाचते. रामवाडीला उतरल्यावर रिक्षावाल्यांशी मीटरच्या भाषेत बोलू नये. त्यांना ती येत नाही. बसची वाट बघावी.

"घरचे काय म्हणतात?" मी बसमध्ये विचारलं.

"हो म्हणतात," सुजाता म्हणाली. "सगळे हो म्हणतात हो काकू. कसं करायचं ते कुणी सांगत नाही. मागच्या वर्षी एक नोकरी अशीच सोडली. आता ही गेली तर मी परत अर्जच करणार नाही, मी मनाशी ठरवलंय."

ती हे खिडकीबाहेर बघत म्हणाली. मी तिला पाण्याची बाटली दिली.

खराडी म्हणजे काचा. इमारतींना काचा, काचांमध्ये समोरच्या इमारती. शनिवार असूनही गेटाबाहेर इडलीच्या गाडीवर गर्दी होती, आणि गंमत बघा, त्या गर्दीत एकही माणूस दुसऱ्याशी बोलत नव्हता. प्रत्येकाच्या एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात फोन. इडली बाकी चांगली, चटणी पातळ. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण मीही असंच जेवते, फोन उभा करून.

सुजाताने गेटपाशी उभं राहून इमारत वरपर्यंत बघून घेतली. सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "आत बायकांना डबा खायला जागा आहे का?" आहे म्हणाला. मग आम्ही ऑफिस सुटायची वेळ होईपर्यंत बसस्टॉपवर बसून राहिलो आणि परत निघालो. चंदननगरला बस अडकली ती अडकलीच. खडकीत पोचेपर्यंत दिवे लागले होते. पाळणाघर केव्हाच बंद झालं होतं, आणि यशू वैशालीच्या टेबलाखाली झोपली होती.

"आज शनिवार," सुजाता म्हणाली. "रोज याहून उशीर."

बैठक

सतरंजीवर सगळे जमले. सुजाताचा नवरा मिलिंद, तो एरवी दुपारी टेम्पो घेऊन जातो तो रात्रीच येतो. सासरे, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, कारखान्यातून रिटायर झालेले. शेजारच्या शोभाताई. बाबांचे गुडघे गेलेले, तरी ते भिंतीला धरून खाली बसले. आता एवढं वयस्कर माणूस खाली बसलेलं असताना आपण खुर्चीवर बसायचं? आमच्या पेठेत कितीही खडूस माणसं असली तरी एवढी रीत आहे. मी चपला काढल्या आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर बसले.

"अरे वा, पेठेतल्या बाई खाली बसल्या!" बाबा खूष झाले. मला वाटलं, मी शहाणपणाच केला.

मिलिंद म्हणाला, "सकाळचं सगळं माझ्याकडं. डबा, यशूची आंघोळ, सोडणं. बदली बाबा, फक्त सोडायला शोभाताई." बाबा म्हणाले, "संध्याकाळी पोरीला जेवू घालणं, गोष्ट सांगणं माझ्याकडं. आमचा जिना मला उतरवत नाही, ते कबूल. बदली माझा धाकटा मुलगा." शोभाताई म्हणाल्या, "पाळणाघरातनं आणणं माझ्याकडं. बदली माझी सून. मी कँटीनच्या कामाला लागले तेव्हा ह्याच सतरंजीवर सुजाताच्या सासूनं माझी पोरं सांभाळायला घेतली होती, आता ती नाही, पण मी ते विसरले नाही. फक्त मंगळवार नाही. मंगळवारी मी नि सून दोघी आमच्या ह्यांना हॉस्पिटलात नेतो, सुटका होईपर्यंत रात्र होते."

सुजाता नखं बघू लागली.

"मंगळवार भरल्याशिवाय मी सोमवारी पाठवणार नाही," वैशाली म्हणाली, आणि गोल फिरत तिची नजर माझ्यावर आली. "काकू, तुमच्याकडे काय?"

"मी? मी नुसती बघायला आलेय."

"बघायला खुर्च्या आहेत ना तिकडं," बाबा म्हणाले. रागाने नाही, आश्चर्याने.

वैशालीने जीभ चावली. "सॉरी काकू, मी सांगायला हवं होतं. पाहुणे खुर्चीवर, सतरंजीवर घरचे. तुम्ही उठा, काही हरकत नाही, खरंच."

मी उठणार होते. पण मोहन गेल्यापासून लोक मला विचारतात, काही हवंय का, जेवलात का, बरं वाटतंय ना. तुमच्याकडे काय, असं मला कुणी विचारलेलं नाही. माझा मंगळवार म्हणजे सोमवारसारखाच असतो, आणि तो बुधवारसारखा. मला रडू येईल असं वाटलं आणि त्या आतच मी बोलून टाकलं, "मंगळवार माझ्याकडे. पाळणाघरातून आणीन, सुजाता येईपर्यंत बाबांपाशी बसेन."

सुजाताने मान वर केली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बदली कोण?" वैशालीने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि काही नाव येईना. सगळे थांबून राहिले, अगदी सौजन्याने. शेवटी वैशाली म्हणाली, "उद्या या, यशूबरोबर बसा, पाळणाघरातल्या ताई बघतील. नियम तुम्हालाही आहे. बदलीचं नाव उद्या रात्रीपर्यंत सांगा." मग वरण-भात झाला. तिथे पंगत गोलच बसते, त्यामुळे समोर रिकामी ताटली नव्हती.

परत पेठेत

रविवारी यशूने मला तासभर निरखलं, मग माझ्या चष्म्याची काडी वाकवली. ताई म्हणाल्या, जमेल.

नावाचं मात्र जमेना. भाचा बाणेरला असतो. "आत्या, मंगळवारी संध्याकाळी आमचा क्लायंट कॉल असतो गं." शाळेतली मैत्रीण कोथरूडला. "खडकी? लांब पडेल." मोहनच्या मित्राने फोन उचलला नाही. वहिनी म्हणाल्या, "या वयात कशाला नसती उठाठेव!" ज्या ब्लॉगवर तुम्ही इतके जण येता, त्या बाईला आठवड्यातल्या एका संध्याकाळसाठी एक माणूस मिळेना. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे. आणि तिकडे एक मुलगी साडीला इस्त्री करून माझ्या मेसेजची वाट बघत असणार.

शेवटी मी समोरच्या ब्लॉकची बेल दाबली. तिथे दामलेबाई राहतात, निवृत्त शिक्षिका, एकट्या. वर्षानुवर्षं आमचं बोलणं कचऱ्याची बादली आणि टाकीचं पाणी या दोनच विषयांवर होत आलंय. त्यांनी दाराची साखळी न काढता सगळं ऐकून घेतलं.

"मला लहान मुलं आवडत नाहीत," त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही शाळेत होतात ना?"

"म्हणूनच."

मी वळले. त्यांनी मागून विचारलं, "म्हणजे तुम्ही आजारी पडलात तरच मी जायचं. असंच ना?"

"हो. आधी एकदा तिथे येऊन भेटावं लागेल."

"ते येईन. पण तुम्ही आजारी पडलात हे मला कळणार कसं?"

घरात मला एकटीला काही झालं तर कुणाला केव्हा कळेल, हा विचार मी रोज रात्री करते आणि तो कधी कुणाजवळ बोललेले नाही.

दामलेबाईंनी साखळी काढली. "सकाळी दूध घ्यायला दार उघडता ना? तेव्हा माझं दार वाजवत जा. एकदाच. नाही वाजलं तर मी समजेन," त्या म्हणाल्या. आभार मानायच्या आत दार लागलं.

रात्रीच वैशालीला नाव कळवलं आणि सुजाता सोमवारी रुजू झाली. मंगळवारी मी यशूला आणलं. जिन्यात तिने माझं बोट धरलं ते कठडा धरतात तसं, माझ्यावर विशेष मेहेरबानी म्हणून नव्हे. दामलेबाई जाऊन भेटून आल्या, त्यांनी बाबांच्या गोष्टीतल्या चुका काढल्या आणि तरी सगळ्यांना दामलेबाई पसंत पडल्या. कुणाला खडकीला जायचं असेल तर जरूर जा. दुपारी पोचा, बन-मस्का खा, आणि विहारामागच्या त्या खोलीत गेलात तर कुठे बसायचं ते आधी ठरवून जा.

एकटेपणा गेला का? नाही. संध्याकाळी घर तसंच असतं. आज सकाळी दूध घेतलं आणि समोरचं दार वाजवलं. आतून दामलेबाईंचा आवाज आला, "आहात. कळलं."