रुमालाखालचं वायफाय

जगात फुकट काही नसतं, यावर माझ्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा दुसऱ्या कुणाची नसेल. सांगलीत त्यांनी जन्मभर हळदीचे सौदे केले, तेही जुन्या पद्धतीनं: दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून दर सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तो रुमाल अजून त्यांच्या खांद्यावर असतो. फोनसुद्धा ते रुमालाआड धरून बघतात. एका लग्नात पानाच्या स्टॉलवर त्यांनी 'हे कुणाच्या खर्चानं?' अशी कसून चौकशी केली होती. लग्न त्यांच्याच मुलीचं होतं.

कृष्णेच्या घाटावर मोफत वायफायचा खांब उभा राहिला आणि त्यांची झोप उडाली. रोज संध्याकाळी खांबाभोवती फेऱ्या मारायच्या आणि भेटेल त्याला विचारायचं, बिल कोण भरतंय? महापालिकेतल्या साहेबांनी सांगितलं, कंपनी भरते, लोकांनी फक्त आपला नंबर द्यायचा. साडूंचे डोळे चमकले. "म्हंजे हळद आपुनच गड्या," ते मला म्हणाले, "आनि सौदा रुमालाखाली चाललाय."

घाटावर फुलं विकणाऱ्या बाईंनाही त्यांनी सावध केलं. बाईंचा मुलगा फौजेत, तिकडं आसामात. खांबाखाली बसून त्या रोज त्याला फोनवर बघायच्या. नंबर दिला की सगळं जाईल, असं साडूंनी बजावलं. बाई म्हणाल्या, "आण्णा, माझं काय हाय न्यायला? पोरगं तेवढं दिसतंय."

मग एक दिवस वायफाय बंद पडलं. कंपनीला परवडेना म्हणे. साडूंनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण ते मला घेऊन थेट महापालिकेत गेले. साहेबांच्या टेबलावर रुमाल पसरला, खाली हात घातला आणि म्हणाले, "बोला, कितीला चालू करताय?" साहेबांना ती भाषा येत नव्हती. साडूंचा हात बराच वेळ रुमालाखाली एकटाच राहिला. मला वाईट वाटलं.

आता संध्याकाळी साडू त्याच खांबाखाली बसतात. नेटचा मोठा पॅक मारलेला, हॉटस्पॉट चालू, फोन रुमालाखाली. बाईंचा फोन त्यांनीच 'बघू जरा' म्हणत जोडून दिला. परवा मुलाशी बोलून झाल्यावर बाईंनी विचारलं, "आवं आण्णा, आता ह्याचं बिल कोन भरतंय?"

"कंपनी," साडू म्हणाले आणि रुमाल नीट केला.

मी बोलेन की काय, म्हणून त्यांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी नदीकडं बघत राहिलो. या माणसावर माझा फार जीव आहे, पण त्यांना ते सांगायची सोय नाही. लगेच विचारतील, ह्यात तुझा फायदा काय रं?