हर्निया नव्हे

जखम पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ते गजकर्णच वाटलं. श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी, कायम घामात आणि ओलीत काम. औषधाच्या दुकानातून मलम आणायचं, मोरीत कडी लावून चोळायचं, असं पावसाळाभर चाललं. मग बायकोला माझ्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला.

"लाजायचं ते नंतर लाजा," ती म्हणाली. "उद्या दवाखान्यात जायचं."

तिथून मुंबईला धाडलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. लिंगाचा कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा.

"हा पसरला तर आधी जांघेतल्या गाठींत जातो," त्या म्हणाल्या. "त्याआधीच टोकाकडचा भाग काढू. बाकीचं राहील. गाठीही तपासून घेऊ."

मी पुटपुटलो, "मग मी पुरुष..."

"आधी जगायचं बघा," बायको म्हणाली.

ऑपरेशन झालं. गाठींत काही सापडलं नाही.

घरी आलो तर दादाने, माझ्या थोरल्या भावाने, गावभर हर्निया सांगून ठेवलेला. "तूही तेच सांग. माझी पोर लग्नाची हाय." मी मान हलवली. मग भेटायला येणारा प्रत्येक जण मला हर्नियाची पथ्यं शिकवू लागला. आजारापेक्षा त्याचाच जास्त वीट आला.

एका दुपारी आमच्या खळ्यात सुपारी सोलायला दादा आणि शेजारपाजारचे बसले होते. एकाने विचारलं, "हर्निया कुठल्या बाजूचा होता रे?"

"हर्निया नव्हता. लिंगाचा कॅन्सर होता. टोक कापलं म्हणून जिवंत आहे."

सगळ्यांचे हात थांबले. कोपऱ्यातून एक जण खुसखुसला, "मग आता बसूनच करतोस काय?"

"उभ्यानं करतो. बघायचं असेल तर चल माडाखाली."

सगळे हसले, पण त्याला. दादा तेवढा उठला. "घराण्याची अब्रू घालवलीस."

"अब्रू तिथं असती, तर डॉक्टरबाईंना कापताना सापडली असती."

तो महिनोन् महिने बोलला नाही. पुतणीचं लग्न ठरलं, थाटात झालं. माझा आजार कुणाच्या आड आला नाही. तरी दादा अजून हर्नियाच म्हणतो. म्हणू दे.

मी तपासणीला जात असतो. डॉक्टरबाई जांघा चाचपून बघतात. परवा एसटीत शेजारच्याने विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं, आजाराच्या नावासकट, आवाज खाली न आणता. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो.